स्वयंपाकघरातला कचऱ्याचा डबा: स्वस्त कोणता आणि किफायतशीर कोणता?

संसाराला लागणाऱ्या वस्तूंच्या यादीत कचऱ्याचा डबा नेहमी शेवटी येतो. ताट-वाट्या, बादल्या, पाण्याची टाकी, गॅसची शेगडी यांची खरेदी चार दुकाने फिरून होते. कचऱ्याच्या डब्याची पाळी आली की "काहीतरी द्या हो, कचराच तर टाकायचा आहे" असे म्हणून ग्राहक मोकळा होतो. दुकानदारही समोर जे हाताला लागेल ते देतो. सहा-आठ महिन्यांनी डबा फुटतो, झाकण हरवते, बुडाला चीर पडते आणि पुन्हा नवा डबा घ्यावा लागतो. वर्षानुवर्षे हे चालू असते आणि त्यात किती पैसा गेला याचा हिशोब कोणी ठेवत नाही.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. पहिले, लहान घरात राहणारे ग्राहक. दुसरे, प्लास्टिक व भांड्यांचे दुकानदार, फेरीवाले, पत्र्याचे काम करणारे कारागीर आणि भंगारचे व्यापारी. हा डबा विकणारे, बनवणारे आणि शेवटी त्यातला माल विकत घेणारे लोक या दुसऱ्या वर्गात येतात. म्हणून डबा कसा निवडावा हा प्रश्न त्यांच्या धंद्याचाही आहे.

जानेफळचेच उदाहरण घेऊ. मेहकरहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे बाजाराचे गाव. आसपासच्या खेड्यांतला माणूस लहानसहान खरेदी अशाच गावात करतो. अशा गावातले घर दोन खोल्यांचे, स्वयंपाकघर आठ-दहा फुटांचे, त्यातच ओटा, मोरी, धान्याची कोठी आणि पाण्याचे माठ. इथे मुंबई-पुण्याच्या फ्लॅटसाठी बनवलेला उंच, चकचकीत डबा बसत नाही. पण दुकानात येणारा बराचसा माल शहरी घर डोळ्यांपुढे ठेवून बनवलेला असतो. तेव्हा आपल्या घराला काय लागते ते आपणच ठरवायला हवे.

आधी कचरा मोजा, मग डबा घ्या

बहुतेक लोकांची समजूत अशी की डबा जितका मोठा तितका चांगला. चार पैसे जास्त गेले तरी "एकदाच मोठा घेऊन टाकू" असा विचार असतो. ओल्या कचऱ्याच्या बाबतीत हा विचार उलटा पडतो.

आपल्याकडच्या लहान गावांत माणशी दिवसाला साधारण २०० ते ३०० ग्रॅम कचरा निघतो. पाच माणसांचे घर धरले तर एक ते दीड किलो. यातला निम्म्याहून अधिक ओला असतो. भाजीची देठे, साली, चहाचा चोथा, उरलेले अन्न, अंड्याची टरफले, मटण-मासळीचा कचरा हे सगळे त्यात आले. हा ओला कचरा आकाराने दिवसाला दोन-तीन लिटरपेक्षा जास्त भरत नाही. म्हणजे पाच-सात लिटरचा डबा एका कुटुंबाला रोजच्यासाठी पुरून उरतो.

असे असताना वीस-पंचवीस लिटरचा डबा घेतला तर काय होते? तो भरायला आठवडा लागतो. भरत नाही म्हणून कोणी रिकामा करत नाही. तळाचा कचरा कुजतो, घाण पाणी सुटते, वास येतो. उन्हाळ्यात विदर्भातला पारा ४२-४५ अंशांवर जातो. अशा उष्णतेत माशीने घातलेली अंडी एका दिवसात फुटतात आणि आठ-दहा दिवसांत त्यांच्या नव्या माश्या होतात. आठवडाभर न हलवलेला डबा म्हणजे माश्यांची पैदास करणारा कारखानाच. लहान डबा रोज भरतो, म्हणून रोज रिकामा होतो. त्याची किंमत कमी, जागा कमी आणि घर निरोगी. ज्या घरात लहान मुले आहेत त्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी, कारण हगवण-उलटीचे बरेच आजार माश्यांच्या पायांनीच अन्नावर येतात.

सुक्या कचऱ्याचे मात्र वेगळे. कागद, पिशव्या, खोके, बाटल्या हलके असतात पण जागा खातात. ते कुजत नाहीत, म्हणून चार-सहा दिवस राहिले तरी चालतात. त्यासाठी दहा-बारा लिटरचा डबा ठीक.

डब्यावर किती लिटर ते लिहिलेले नसेल तर काय करावे? गोल डबा असेल तर तोंडाचा व्यास सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचे निम्मे करा, त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणा, मग ३.१४ ने आणि शेवटी उंचीने गुणा. आलेल्या आकड्याला हजाराने भागले की लिटर मिळतात. २० सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर उंच डबा जवळपास पावणेआठ लिटरचा भरतो. डबा खाली निमुळता असेल तर थोडे कमी धरावे. हा हिशोब नको असेल तर लिटरच्या बाटलीने पाणी ओतून पाहणे सर्वांत सोपे.

रमजानच्या महिन्यात टरबूज, खरबूज, केळी, पपई यांच्या सालींनी ओला कचरा एकदम वाढतो. त्यासाठी वर्षभराचा डबा मोठा घेण्याची गरज नाही. महिनाभर एखादी जुनी बादली जोडीला वापरावी. बकरी ईदचा कचरा तर घरच्या डब्याचा विषयच नाही. तो खोल खड्ड्यात, वर चुना आणि भरपूर माती टाकून पुरायचा, किंवा ग्रामपंचायत अथवा नगरपालिकेने व्यवस्था केली असेल तिथे द्यायचा.

किंमत नव्हे, महिन्याचा खर्च पाहा

दुकानात डब्यावरची चिठ्ठी पाहून आपण स्वस्त-महाग ठरवतो. व्यापारी माणूस मात्र आपल्या धंद्यातली वस्तू घेताना ती किती दिवस चालेल हे आधी विचारतो. शिलाई मशीन, तराजू, हातगाडी घेताना जो विचार करतो तोच घरच्या डब्याला लावावा.

समजा, ६० रुपयांचा पातळ डबा आठ महिन्यांत चिरला. त्याचा खर्च महिन्याला साडेसात रुपये पडला. समजा, जाड प्लास्टिकचा डबा १८० रुपयांना मिळाला आणि पाच वर्षे टिकला. त्याचा खर्च महिन्याला तीन रुपये. आणि समजा, पायाने उघडणारा ६०० रुपयांचा देखणा डबा घेतला, पण दोन वर्षांत त्याची पायपट्टी मोडली. त्याचा खर्च महिन्याला २५ रुपये झाला. हे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत. आपल्या बाजारातले भाव घालून प्रत्येकाने हिशोब करावा. पद्धत एकच: किंमत भागिले जितके महिने वस्तू चालेल ते महिने.

या हिशोबात तिघांपैकी सर्वांत स्वस्त दिसणारा डबा स्वस्त राहिला नाही आणि सर्वांत महागडा टिकाऊ निघाला नाही. मधल्या किमतीचा, साधा, जाड आणि कमी सुटे भाग असलेला डबा बाजी मारून गेला. घरगुती वस्तूंत बहुतेक वेळा असेच घडते.

प्लास्टिकचा डबा घेताना

प्लास्टिकचे डबे मुख्यतः दोन जातींच्या मालाचे असतात. बुडाला उलटे करून पाहिले तर अनेक डब्यांवर त्रिकोणात आकडा दिसतो. २ हा आकडा म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पीपी. कचऱ्याच्या डब्यासाठी हे दोन्ही चांगले. ६ आकड्याचा माल कडक आणि चकचकीत असतो, पण आपटला की तडकतो. तो टाळावा. आकडाच नसेल तर पुढील खुणा पाहाव्यात.

पहिली, काठ दाबून पाहा. चांगला माल दाबला की आत जातो आणि लगेच मूळ जागी येतो. दाबताना करकर वाजला किंवा चरा उमटून राहिला तर माल कच्चा आहे.

दुसरी, वजन. एकाच आकाराचे दोन डबे दुकानातल्या काट्यावर ठेवा. जड तो जाड, असा सर्वसाधारण नियम आहे. मात्र काही कारखानदार स्वस्त करण्यासाठी प्लास्टिकमध्ये खडूसारखी भुकटी मिसळतात. त्याने वजन वाढते आणि डबा ठिसूळ होतो. म्हणून वजन आणि लवचिकपणा या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात.

तिसरी, बूड आणि कोपरे. डबा उजेडाकडे धरला की कुठे पातळ आहे ते दिसते. डबा बहुधा बुडाच्या कोपऱ्यातच फुटतो. तिथे जाडी असली पाहिजे.

चौथी, वास. नाकाला झोंबणारा वास येत असेल तर डबा बऱ्याच वेळा वितळवलेल्या मिश्र मालाचा असण्याचा संभव आहे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. भंगारातून पुन्हा बनवलेले प्लास्टिक म्हणजे वाईट, असे सरसकट म्हणता येणार नाही. मुंबईच्या धारावीत जुने प्लास्टिक जातवार निवडून, कापून, धुऊन आणि वितळवून त्याचे दाणे करण्याचा मोठा उद्योग आहे आणि त्यावर हजारो कष्टकऱ्यांची चूल पेटते. हा माल अन्नाच्या डब्याला चालत नाही, पण कचऱ्याच्या डब्याला उत्तम चालतो. किंबहुना त्याची योग्य जागा तीच. अनेक रंगांचा माल एकत्र आल्याने असे डबे काळे, गडद निळे किंवा तपकिरी असतात. ग्राहकाने काळ्या रंगाला नाक मुरडू नये. काजळी मिसळलेले काळे प्लास्टिक उन्हात जास्त टिकते. अट एकच: दुकानदाराने हा माल नव्या मालाच्या भावाने विकू नये आणि ग्राहकाला खरे ते सांगावे.

झाकण, पायपट्टी आणि आकार

झाकण असलेच पाहिजे. ज्या घरात मटण, कोंबडी, मासळी शिजते त्या घरात तर त्याशिवाय चालणारच नाही. मांजर, उंदीर आणि माश्या यांना वास लगेच लागतो. पण झाकण कोणते?

झुलते झाकण दिसायला सोयीचे. हाताने ढकलले की आत जाते. मात्र प्रत्येक वेळी खरकटा हात त्याला लागतो आणि ते स्वच्छ करणे जिकिरीचे होते. पायाने उघडणाऱ्या डब्याला हात लावावा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. परंतु त्याची सगळी मदार पायपट्टी आणि मागच्या खिळीवर असते. घ्यायचाच असेल तर दुकानातच दहा-पंधरा वेळा दाबून पाहा. पट्टीची दांडी लोखंडी आहे की प्लास्टिकची, खिळी निघून पुन्हा बसते का, आतली बादली वेगळी निघते का, हे तपासा. दाबताना डबा मागे उलटत असेल तर घेऊ नका. जागा कमी आणि बजेट लहान असेल तर वरून बसणारे साधे झाकण व कडी असलेला बादलीसारखा डबा सर्वांत बरा. त्यात मोडण्यासारखे काही नसते.

कोपऱ्यात ठेवायचा असेल तर चौकोनी डबा कमी जागा घेतो. धुवायला मात्र गोल सोपा, कारण कोपऱ्यात घाण अडकत नाही. गोलाई दिलेले कोपरे असतील तर चौकोनीही चालतो. ओट्याखाली ठेवणार असाल तर उंची आधी मोजून जा, झाकण उघडायला वर वीतभर जागा लागते. जाळीचे डबे ओल्या कचऱ्याला कधीही घेऊ नयेत. ते कागदासाठी असतात.

तेलाच्या एका पिप्यातून दोन डबे

आता पत्र्याचे काम करणाऱ्या कारागीर बंधूंसाठी. एकेकाळी आपल्या गावोगावच्या बाजारात पत्र्याच्या डब्यांना, चाळण्यांना, चिमण्यांना आणि नरसाळ्यांना चांगली मागणी होती. प्लास्टिक आले आणि हे काम पेटी दुरुस्ती व पन्हाळीपुरते उरले. कचऱ्याचा डबा ही अशी वस्तू आहे की जिच्यात पत्रा अजूनही प्लास्टिकशी टक्कर देऊ शकतो. पत्रा उंदीर कुरतडू शकत नाही, चुलीजवळ ठेवला तर वितळत नाही, चुकून निखारा पडला तर जळत नाही आणि शेवटी भंगारातही त्याला भाव येतो.

१५ किलो तेलाचा रिकामा पिपा हॉटेलवाल्यांकडे आणि फरसाणवाल्यांकडे सहज मिळतो. त्याचे बूड सुमारे २३ सेंटिमीटर चौरस आणि आकारमान सुमारे १८ लिटर असते. हा पिपा उभ्या उंचीच्या मध्यावर आडवा कापला तर प्रत्येकी साडेआठ-नऊ लिटरचे दोन भाग होतात. खालच्या भागाला मूळचे बूड असतेच, तो ओल्या कचऱ्यासाठी. वरचा भाग उलटा केला की पिप्याचे तोंड असलेली बाजू बूड बनते. भोकावर पत्र्याची चकती ठेवून डाग दिला की तो सुक्या कचऱ्यासाठी तयार. दोन्ही डबे एकाच मापाचे, एकमेकांना चिकटून कोपऱ्यात बसणारे.

काम करताना काही गोष्टी सांभाळाव्यात. कापलेला काठ तसाच ठेवू नये, बायका-मुलांचे हात कापतात. आत तार घालून काठ वळवून घ्यावा, त्याने डब्याला ताकदही येते. झाकण दुसऱ्या पिप्याच्या पत्र्याचे करावे आणि त्याला बिजागरी लावण्यापेक्षा बाहेरून बसणारी टोपी करावी. धुताना ती वेगळी निघते. बूड जमिनीला टेकू देऊ नये. पत्रा पहिल्यांदा सडतो तो बुडाच्या शिवणीत, कारण फरशीची ओल तिथे साचते. दोन पत्र्याच्या पट्ट्या दुमडून खाली पाय लावले तर डब्याचे आयुष्य बरेच वाढते. पिपा गरम पाणी व सोड्याने धुऊन, कोरडा करून आतून-बाहेरून रेड ऑक्साईडचा एक हात आणि त्यावर ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत. ओल्याला हिरवा आणि सुक्याला निळा रंग दिला तर घरातल्या लहान मुलालाही कोणता डबा कशाचा ते कळते.

दोन इशारे. कीटकनाशकाचे किंवा रसायनाचे डबे या कामाला वापरू नयेत, कितीही फुकट मिळाले तरी. आणि ज्या डब्यात पेट्रोल, थिनर असे पदार्थ होते त्याला डाग देण्यासाठी आच लावू नये. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो.

कोणाला अधिक टिकाऊ डबा हवा असेल तर जस्ताचा मुलामा असलेला जी.आय. पत्रा वापरावा. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे ग्राहकाला बहुधा माहीत नसते. २६ गेजचा डबा २८ गेजपेक्षा मजबूत असतो. कारागिराने हे सांगूनच भाव ठरवावा.

खर्चाचे पाहिले तर, समजा रिकामा पिपा ४० रुपयांना पडला आणि रंग-मजुरी धरून १०० रुपये झाले, तर १४० रुपयांत दोन डबे झाले. दोन वर्षे चालले तरी एका डब्याचा महिन्याचा खर्च तीन रुपयांच्या आतच येतो. जाड प्लास्टिकच्या बरोबरीचा हिशोब झाला, आणि पैसा गावातल्याच कारागिराच्या हाती राहिला.

एका धातुकारागिराचा डबा

कचऱ्याचा डबा बनवणे हे काम कोणाला हलके वाटत असेल तर त्याने डेन्मार्कच्या होल्गर नील्सन यांचे उदाहरण पाहावे. हे धातूकाम करणारे कारागीर होते. १९३९ साली त्यांनी आपल्या पत्नीच्या केशकर्तनालयासाठी पायाने उघडणारा एक पत्र्याचा डबा बनवला. तो उलटू नये, आवाज करू नये आणि जमिनीवर घट्ट बसावा एवढीच त्यामागची काळजी होती. दुकानात येणाऱ्या डॉक्टर व दंतवैद्यांच्या घरच्या मंडळींनी तो पाहिला आणि दवाखान्यांकडून मागणी सुरू झाली. 'विप' या नावाने तो डबा आजही विकला जातो. २००९ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने तो आपल्या संग्रहात घेतला.

त्या डब्याची आजची किंमत आपल्या घरांना परवडणारी नाही, आणि त्याची नक्कल करावी असेही सुचवायचे नाही. घेण्यासारखी गोष्ट एवढीच की त्या कारागिराने वापरणाऱ्याची अडचण समोर ठेवून वस्तू बनवली. आपल्या घरातली बाई वाकून, ओल्या हाताने, अपुऱ्या उजेडात डबा कसा वापरते हे जो कारागीर पाहील त्याचा माल खपेल.

दोन डबे कशासाठी?

"एका डब्याची पंचाईत, तिथे दोन कोण सांभाळणार?" असे अनेकजण म्हणतात. पण दुसरा डबा खर्चाचा नसून उत्पन्नाचा आहे. भाजीच्या सालीत भिजलेला कागद, तेलकट अन्नाने माखलेली बाटली भंगारवाला घेत नाही, घेतली तर पडत्या भावाने घेतो. तोच माल कोरडा आणि वेगळा ठेवला तर त्याचे पैसे होतात. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांची जी संघटना उभी राहिली तिचे नावच 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' असे आहे. सुक्या डब्यात विकण्याजोगे काय असते, याची यादीच त्या नावात आली. ज्या भंगार व्यापाऱ्याने आपल्या गिऱ्हाइकांच्या घरी असे डबे ठेवण्याची सवय लावली त्याला माल स्वच्छ मिळेल आणि निवडण्याची मजुरी वाचेल.

हा विचार नवा नाही. १८८३ साली पॅरिसचे प्रशासक युजीन पुबेल यांनी प्रत्येक घरमालकाला झाकणाचे डबे ठेवण्याचा हुकूम काढला. कुजणारा कचरा वेगळा, कागद-चिंध्या वेगळ्या, काच-चिनीमाती वेगळी अशी त्यात विभागणी होती. घरमालकांनी खर्चासाठी आणि चिंध्या वेचणाऱ्यांनी पोटासाठी विरोध केला. पुढे लोकांना डब्याची सवय झाली आणि फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला 'पुबेल' हेच नाव पडले.

आपल्याकडे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग वेगळे ठेवण्यास सांगितले. २०२६ च्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग केले आहेत. चार डबे घेण्याची गरज नाही. दोन डबे, वापरलेले डायपर-पॅड कागदात गुंडाळून ठेवायला एक लहान झाकणाची बादली, आणि जुने सेल, बल्ब, संपलेली औषधे, ब्लेड यांसाठी एक जुना पावडरचा डबा पुरे. पावडरच्या डब्याला वर बारीक फट पाडली की ब्लेड आत जाते, बाहेर येत नाही. कचरा वेचणाऱ्या माणसाची बोटे त्याने वाचतात.

ओला कचरा घंटागाडी येत असेल तर तिला द्यावा. गाडी येत नसेल तर साली-देठे बकऱ्या-कोंबड्यांना आणि उरलेले उकिरड्याला. मात्र प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कधीही टाकू नये, जनावरे पिशवीसकट खातात आणि मरतात. ज्यांच्याकडे शेत आहे त्यांना नाडेप खताची पद्धत ठाऊक असेलच. आपल्या विदर्भातल्याच पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी ती रूढ केली आणि त्यांच्या नावाच्या अक्षरांवरून तिला 'नाडेप' नाव पडले. विटांच्या भोके ठेवलेल्या टाक्यात काडीकचरा, शेण आणि माती यांचे थर देऊन तीन-चार महिन्यांत खत तयार होते. घरचा ओला कचरा त्यात सहज जिरतो.

डबा टिकवण्याची रीत

चांगला डबाही वाईट वापराने लवकर जातो. म्हणून चार गोष्टी. एक, चहाचा चोथा आणि भाज्या आधी मोरीच्या कोपऱ्यात जाळीच्या लहान टोपलीत निथळू द्या. सालीत बहुतांश पाणीच असते, ते गेले की वास निम्मा होतो. दोन, बुडाला जुन्या वर्तमानपत्राची घडी घाला. २०१८ पासून महाराष्ट्रात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, आणि कागदाने काम भागते. हाडे व काटे कागदात गुंडाळूनच टाका. तीन, ओला डबा रोज संध्याकाळी रिकामा करा आणि आठवड्यातून दोनदा साबणाने धुऊन पालथा घाला. चार, प्लास्टिकचा डबा दिवसभर उन्हात ठेवू नका, तो पांढुरका पडून ठिसूळ होतो. सावलीत वाळवा. पत्र्याचा डबा मात्र ओला कधीच ठेवू नका. वर्षातून एकदा रंगाचा हात द्या.

दुकानदार बंधूंना

ग्राहक दुकानात येऊन "भाई, कचऱ्याचा डबा दाखवा" म्हणतो तेव्हा लगेच फळीवरचा डबा काढू नका. तीन प्रश्न विचारा. घरात माणसे किती? ठेवणार कुठे? गाडी रोज येते का? या तीन उत्तरांवरून कोणता डबा द्यायचा ते आपोआप ठरते. पाच-सात लिटरचा झाकणाचा, दहा-बारा लिटरचा आणि एक पायपट्टीचा, एवढे तीन प्रकार दुकानात ठेवले तरी लहान गावाला पुरतात. शक्य असेल तर सुटी झाकणे आणि खिळ्या ठेवा. दहा रुपयांच्या झाकणासाठी आलेला माणूस पुढे बादली, टब आणि टाकीही तुमच्याकडूनच घेतो.

गावातल्या पत्रेवाल्याने बनवलेले दोन डबे नमुना म्हणून समोर ठेवा. तुमचे भांडवल अडकत नाही, त्याला काम मिळते आणि ग्राहकाला निवड मिळते. मोबाईलवर घरबसल्या मागवता येणाऱ्या मालाशी लहान दुकानदाराची आज स्पर्धा आहे. त्या मालाचा काठ दाबून पाहता येत नाही, बूड उजेडाला धरता येत नाही, आणि मोडलेली खिळी बदलून देणारे तिथे कोणी भेटत नाही. लहान दुकानदाराची ताकद याच गोष्टींत आहे. ती त्याने वापरावी. साठ रुपयांचा कच्चा डबा खपवून चार रुपये सुटतात, पण आठ महिन्यांनी तोच ग्राहक फुटका डबा घेऊन गावभर सांगत फिरतो. टिकाऊ डबा खरे सांगून विकला तर तो पाच वर्षे त्या घराच्या कोपऱ्यात उभा राहून तुमच्या दुकानाचे नाव राखतो. धंद्यातली बरकत अशाच सौद्यात असते.